सहा-सिलिंडरी मोटार एंजिन : पुनर्बांधणी व दोषनिदान

मोटारगाडीचे झिजलेले एंजिन पूर्णपणे उकलून, त्याच्या प्रत्येक भागाचे मापन करून, झिजलेले भाग बदलून अथवा यंत्रणाने दुरुस्त करून ते पुन्हा मूळ मापांच्या मर्यादेत आणण्याच्या क्रियेस एंजिनाची पुनर्बांधणी म्हणतात. झडपा घासणे किंवा दट्ट्यांच्या कड्या बदलणे ही केवळ दुरुस्ती होय. पुनर्बांधणीत झिजलेला भाग बदलण्याबरोबरच तो भाग का झिजला, याचे कारणही शोधून दूर करावे लागते. हे कारण तसेच राहिल्यास नवे भाग जुन्याच मार्गाने आणि बहुधा अधिक वेगाने निकामी होतात. म्हणून दोषनिदान हे पुनर्बांधणीचे अविभाज्य अंग आहे.

प्रस्तुत नोंदीत एका ओळीत सहा सिलिंडर असलेल्या पेट्रोल एंजिनाचा विचार केला आहे. उदाहरणादाखल क्रायस्लर कंपनीचे बाजू-झडपी सहा-सिलिंडरी एंजिन घेतले आहे. हे एंजिन प्लिमथ, डॉज व डी सोटो या गाड्यांमध्ये दीर्घकाळ वापरात होते. मुंबईतील कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीने (स्थापना १९४४) १९४७ पासून क्रायस्लरच्या सहकार्याने या गाड्यांची जुळणी सुरू केल्यामुळे महाराष्ट्रातील फिटरांच्या एका संपूर्ण पिढीच्या हाताखालून ते गेले. जुन्या गाड्यांच्या संग्राहकांकडे ही एंजिने आजही चालू स्थितीत आढळतात.

इतिहास : नेदर्लंड्समधील स्पायकर कंपनीने १९०३ मध्ये सहा-सिलिंडरी गाडी तयार केली. व्यापारी दृष्ट्या यशस्वी ठरलेले पहिले सहा-सिलिंडरी एंजिन इंग्लंडमधील नेपियर कंपनीचे असून त्याची विक्री १९०४ च्या सुमारास सुरू झाली. १९०६ मध्ये रोल्स-रॉइसने आपली ४०/५० अश्वशक्तीची प्रसिद्ध गाडी याच मांडणीच्या एंजिनासह प्रदर्शित केली. सुरुवातीच्या लांब एंजिनांत भुजादंडाच्या पिळाची कंपने हा मोठा अडथळा होता. फ्रेडरिक लँचेस्टर यांच्या कंपनशामकामुळे तो बऱ्याच अंशी दूर झाला. शेव्हरोले कंपनीने १९२९ च्या नमुन्यात स्वस्त गाडीतही सहा सिलिंडर दिले आणि त्यानंतर ही मांडणी सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आली.

रचना व समतोल : सहा-सिलिंडरी एंजिनाच्या भुजादंडावर म्हणजे क्रँकशाफ्टवर सहा भुजा असतात. त्या १–६, २–५ व ३–४ अशा जोड्यांनी एकमेकींशी १२०° च्या कोनात बसविलेल्या असतात. या मांडणीत दट्ट्यांच्या खालीवर होणाऱ्या हालचालीमुळे निर्माण होणारी प्राथमिक व द्वितीयक बले तसेच त्यांची परिबले परस्परांना रद्द करतात. चार धावांच्या चक्रात भुजादंडाच्या दोन फेऱ्यांमध्ये, म्हणजे ७२०° मध्ये, सहा शक्तिधावा होतात. म्हणजेच दर १२०° ला एक शक्तिधाव सुरू होते आणि आधीची संपण्यापूर्वीच पुढची चालू झालेली असते. चार-सिलिंडरी एंजिनात असा अतिव्याप्तीचा लाभ मिळत नाही. या कारणांमुळे सहा-सिलिंडरी एंजिनाची चाल विशेष सुरळीत असते.

हा गुणच निदानाच्या दृष्टीने अडचणीचा ठरतो. चार-सिलिंडरी एंजिनात एक सिलिंडर बंद पडल्यास गाडी हादरू लागते व चालक ताबडतोब थांबतो. सहा-सिलिंडरी एंजिनात उरलेले पाच सिलिंडर गाडी ओढत राहतात आणि ती किंचित मंदावल्याखेरीज फारसे काही जाणवत नाही. दरम्यान बंद सिलिंडरातील न जळलेले पेट्रोल भिंतीवरील तेलाचा थर धुऊन काढते आणि कड्यांच्या फटीतून खाली उतरून तळपात्रातील तेल पातळ करते. पातळ तेलामुळे भुजादंडाचे धारवे झिजू लागतात. अशा रीतीने एका खराब ठिणगी गुडदीचा म्हणजे स्पार्क प्लगचा किरकोळ दोष काही आठवड्यांत संपूर्ण एंजिनाच्या नाशास कारणीभूत होऊ शकतो. म्हणून या एंजिनाची परीक्षा एकंदर चालीवरून न करता प्रत्येक सिलिंडर स्वतंत्रपणे तपासून करावी लागते.

लांबी हा या एंजिनाचा दुसरा विशेष होय. लांब भुजादंडाला पीळ पडतो. एकाच कार्ब्युरेटरपासून टोकाच्या सिलिंडरांपर्यंत मिश्रण समप्रमाणात पोचणे कठीण जाते. पुढील बाजूस असलेल्या पंपाचे पाणी शेवटच्या सिलिंडरापर्यंत पोचविणे हीही अडचणीची बाब असते. सहा-सिलिंडरी एंजिनाचे बहुतेक विशिष्ट दोष या तीन बाबींतून उद्‌भवतात.

उदाहरणादाखल घेतलेल्या क्रायस्लर एंजिनात झडपा सिलिंडरांच्या बाजूला, ठोकळ्यातच बसविलेल्या असतात. प्लिमथमध्ये वापरलेल्या प्रकारात सिलिंडराचा व्यास ८२·५५ मिमी., धाव १११·१ मिमी. आणि एकूण धारिता सु. ३,५७० घ. सेंमी. असते. याच व्यासाच्या पण ११७·५ मिमी. धावेच्या प्रकाराची धारिता सु. ३,७७० घ. सेंमी. आहे. भुजादंड चार मुख्य धारव्यांवर फिरतो. प्रज्वलनाचा क्रम १–५–३–६–२–४ असा आहे.

उकलण्यापूर्वीचे निदान : एंजिन एकदा उकलले की त्याचे पुष्कळसे पुरावे नष्ट होतात. म्हणून ते गाडीत चालू स्थितीत असतानाच पुढील तपासण्या करून निष्कर्ष लिहून ठेवतात.

(१) सिलिंडर तोडण्याची चाचणी : एंजिन मंद गतीने चालू ठेवून एकेका गुडदीची तार क्रमाने काढतात व ती धातूशी जोडून ठेवतात. निरोगी सिलिंडर तोडल्यास एंजिनाची गती स्पष्टपणे घटते. ज्या सिलिंडराची तार काढल्याने काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करीत नसतो.

(२) संपीडन चाचणी : एंजिन गरम करून सर्व गुडद्या काढतात, कार्ब्युरेटरची झडप पूर्ण उघडी ठेवतात आणि आरंभकाने एंजिन फिरवून प्रत्येक सिलिंडरातील दाब मोजतात. प्रस्तुत एंजिनाचे संपीडन गुणोत्तर सु. ७ असल्याने सुस्थितीत दर चौ. सेंमी. ला सु. ७ ते ८·५ किग्रॅ. दाब मिळतो. प्रत्यक्ष आकड्यापेक्षा सहा सिलिंडरांतील परस्पर फरक अधिक महत्त्वाचा असून तो सु. १ किग्रॅ. हून जास्त नसावा. दाब कमी आढळल्यास त्या सिलिंडरात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजतात. दाब वाढल्यास कड्या व भिंत झिजलेल्या असतात. तो वाढला नाही तर दोष झडपांचा असतो. बाजू-झडपी एंजिनात तेल झडपांवरच साचून राहण्याची शक्यता असल्याने ते दट्ट्याच्या दिशेने सोडून एंजिन काही फेरे फिरवावे लागते, अन्यथा निष्कर्ष फसवा ठरतो. लगतच्या दोन सिलिंडरांत दाब सारखाच कमी असल्यास त्यांच्यामधील गॅस्केट जळलेले असण्याचा संभव अधिक असतो.

(३) निर्वात चाचणी : प्रवेश नलिकेला निर्वातमापक जोडला असता निरोगी एंजिन मंद गतीला समुद्रसपाटीवर पाऱ्याचे सु. ४३ ते ५३ सेंमी. इतके स्थिर मापन दाखविते. उंची दर ३०० मी. ने वाढली की हे मापन सु. २·५ सेंमी. ने उतरते. म्हणून मुंबईतील अपेक्षेच्या मानाने पुण्यात (उंची सु. ५६० मी.) चार-पाच सेंमी. कमी मापन मिळाल्यास तो दोष समजू नये. काटा ठराविक अंतराने झटका देत असल्यास एखादी झडप नीट मिटत नसते. मापन स्थिर पण एकंदरीत कमी असल्यास प्रज्वलन उशिरा होत असते अथवा हवा कोठून तरी गळत असते.

(४) धूर, आवाज व तेलाचा दाब : निळसर धूर तेल जळत असल्याचे, काळा धूर मिश्रणात पेट्रोल अधिक असल्याचे आणि गरम एंजिनातूनही सतत येणारा पांढरा धूर सिलिंडरात पाणी शिरत असल्याचे दर्शवितो. भार पडताच येणारा खोल, जड ठोका मुख्य धारव्याचा असतो. वेग सोडताना ऐकू येणारा हलका धातुमय ठोका संयोगदांड्याच्या म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या धारव्याचा असतो व त्या सिलिंडराची गुडदी तोडल्यास तो मंदावतो. थंड एंजिनात येणारा व गरम झाल्यावर नाहीसा होणारा आवाज बहुधा सैल दट्ट्याचा असतो. तेलाचा दाब कमी असल्यास धारव्यांना दोष देण्यापूर्वी पंपाची दाबनियंत्रक झडप आणि दाबमापक तपासून घेणे इष्ट असते.

उकलणे व मापन : संयोगदांडे, त्यांच्या टोप्या व मुख्य धारव्यांच्या टोप्या यांवर उकलतानाच क्रमांक घालतात. टोप्या त्यांच्या जागी बसवूनच छिद्रे कातलेली असल्याने त्यांची अदलाबदल केल्यास छिद्र गोल राहत नाही. सिलिंडराच्या वरच्या टोकाशी, जेथपर्यंत कड्या पोचत नाहीत तेथे, न झिजलेली कंगोरी उरते. दट्टे वर काढण्यापूर्वी ती कापून काढली नाही तर दट्ट्यांचे कडीखाचे मोडतात.

सिलिंडराचा व्यास वर, मध्ये व खाली अशा तीन ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी परस्परांशी काटकोनात असलेल्या दोन दिशांनी मोजतात. दट्ट्याचा बाजूचा रेटा भुजादंडाला आडव्या दिशेने असल्यामुळे त्या दिशेने झीज अधिक होते. साधारणपणे गोलाईतील फरक ०·१३ मिमी. किंवा वरखाली निमुळतेपणा ०·२५ मिमी. यांपेक्षा जास्त असल्यास केवळ नव्या कड्या घालून भागत नाही, सिलिंडर पुन्हा कातावे लागतात. भुजादंडाच्या धारपृष्ठांची गोलाई ०·०२५ मिमी. पेक्षा अधिक बिघडलेली असल्यास ती घासून घ्यावी लागतात. भुजादंडाचा सरळपणा, ठोकळ्यातील व शीर्षातील चिरा आणि शीर्षाच्या पृष्ठाचा सपाटपणा यांची तपासणी लांब एंजिनात विशेष काळजीने करतात. एकदा अतितापलेले लांब शीर्ष मध्यभागी वाकलेले असण्याचा संभव असतो.

सहा सिलिंडरांची मापे शेजारीशेजारी लिहिल्यास झिजेचे कारण पुष्कळदा आपोआप उघड होते. सर्व सिलिंडर सारखे झिजले असतील तर वय, धूळ किंवा खराब तेल ही कारणे असतात. एकच सिलिंडर झिजला असल्यास त्याची गुडदी, झडप वा संयोगदांड्याचा वाकडेपणा पाहावा. पहिला व सहावा सिलिंडर झिजलेले व त्यांच्या झडपा जळलेल्या असल्यास टोकांकडे मिश्रण विरळ जात असावे किंवा प्रवेश नलिकेचे गॅस्केट तेथे गळत असावे. केवळ पाचवा व सहावा खराब असल्यास पाण्याच्या मार्गाकडे वळावे.

पाण्याचा मार्ग : क्रायस्लरच्या या एंजिनात पंपामागे, ठोकळ्याच्या आत संपूर्ण लांबीभर पाणी वाटून देणारी एक नळी सरकवलेली असते. तिला ठराविक ठिकाणी भोके असून त्यांतून थंड पाणी प्रत्येक निष्कास झडपेच्या बैठकीकडे फेकले जाते. पत्र्याची नळी कालांतराने गंजून कुजते. तसे झाल्यावर पाणी पुढच्या भागातूनच जवळच्या वाटेने शीर्षात चढते आणि मागचे सिलिंडर जवळजवळ साचलेल्या पाण्यात राहतात. परिणामी मागील निष्कास झडपा जळतात व त्यांच्या बैठकींना चिरा जातात. ही नळी बाहेरून दिसत नाही. त्यामुळे नवे दट्टे, नव्या झडपा व नवे धारवे घालून उत्तम जुळणी केलेले एंजिनही काही हजार किमी. नंतर पुन्हा सहाव्या सिलिंडरातच बिघडते आणि दोष निकृष्ट झडपांवर ढकलला जातो. प्रारक म्हणजे रेडिएटर व पंप काढल्यावर ही नळी पुढून ओढून काढता येते, मात्र फार गंजलेली असल्यास ती तुकड्यातुकड्यांनी काढावी लागते. तिच्या जागी शक्यतो पितळी किंवा अगंज पोलादाची नळी घालतात.

नळी चांगली असली तरी ठोकळ्याच्या मागील तळाशी गंज, ओतकामातील वाळू व क्षार यांचा गाळ घट्ट साचतो. बाजूच्या पत्र्याच्या चकत्या काढून तो तारेने खरवडून काढल्याशिवाय केवळ पाण्याचा झोत मारून निघत नाही. विहिरीचे किंवा कूपनलिकेचे कठीण पाणी वापरलेल्या एंजिनात क्षारांचा थर विशेष जाड असतो. शीतनासाठी क्षारविरहित पाणी व गंजरोधक द्रव वापरावा.

यंत्रण : सिलिंडर कातण्याच्या क्रियेस कार्यशाळेत बोअरिंग म्हणतात. मूळ व्यासापेक्षा ०·५१, ०·७६, १·०२ किंवा १·५२ मिमी. अशा ठराविक वाढीव मापांचे दट्टे मिळत असल्याने सर्वांत खराब सिलिंडर ज्या मापात स्वच्छ होईल ते माप सहाही सिलिंडरांना देतात. दट्टे आधी हाती घेऊन प्रत्यक्ष मोजल्याशिवाय कातकाम करू नये. कातल्यानंतर शाणदगडांनी भिंतीवर परस्परांना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेषा उमटवितात. या रेषांत तेल टिकून राहते व कड्या लवकर बसतात. नंतर सिलिंडर गरम पाणी व साबण लावून ब्रशने घासतात. पांढऱ्या फडक्यावर करडा डाग उमटणे बंद होईपर्यंत हे करावे लागते. मागे राहिलेले शाणकण नव्या कड्या काही तासांतच खाऊन टाकतात.

भुजादंड घासल्यास त्यास ०·२५, ०·५१ किंवा ०·७६ मिमी. कमी मापाचे धारवे लागतात. भुजादंडातील तेलाची छिद्रे आतून साफ करणे हे घासण्याइतकेच महत्त्वाचे आहे. झडपांच्या बाबतीत भारतात २००० सालापासून शिसेविरहित पेट्रोलच मिळते, ही गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. शिशाचे संयुग झडप व बैठक यांच्यामध्ये संरक्षक थर तयार करीत असे. त्याच्या अभावी नुसत्या बिडाच्या बैठकी जड भाराखाली खचतात, म्हणून कठीण धातूची कडी बसवावी लागते. क्रायस्लरच्या एंजिनात निष्कास झडपांसाठी अशा कड्या मुळातच होत्या. २०२३ पासून २०% एथॅनॉल मिश्रित पेट्रोल प्रचारात आल्यामुळे इंधनपंपाचा रबरी पडदा, नळ्या व गॅस्केट एथॅनॉलरोधक निवडणे आणि मिश्रण विरळ होत नाही ना, हे तपासणेही आवश्यक झाले आहे.

जुळणी : प्रत्येक कडी सिलिंडरात सरळ बसवून तिच्या टोकांमधील फट मोजतात. व्यासाच्या दर १०० मिमी. ला ०·३ ते ०·४ मिमी. या प्रमाणात ती असावी. फट अपुरी असल्यास उष्णतेने कडीची टोके भिडून ती भिंतीत रुतते. मुख्य व संयोगदांड्याच्या धारव्यांतील मोकळीक प्लास्टिकची मऊ तार टोपीखाली दाबून तिच्या चपटेपणावरून मोजतात. या मापाच्या एंजिनात ती सु. ०·०२५ ते ०·०७५ मिमी. असते. प्रत्येक टोपी आवळल्यावर भुजादंड हाताने फिरवून पाहतात. जेथे तो अडतो तो शेवटी आवळलेला धारवा पुन्हा तपासतात. सर्व टोप्या एकदम आवळल्यास दोष कोठे आहे हे कळत नाही.

शीर्षाचे बोल्ट मध्यभागापासून दोन्ही टोकांकडे, तीन टप्प्यांत व पीळमापक पान्याने आवळतात. प्रस्तुत एंजिनात अंतिम परिबल सु. ९ ते ९·७ किग्रॅ.-मी. असते. टोकांकडून आवळत आल्यास लांब गॅस्केटला मध्ये सुरकुती पडते. निष्कास नलिका तापल्यावर लांबीने वाढते, म्हणून तिची टोके सरकू शकतील इतपतच आवळतात. ती जखडल्यास नलिकेला मध्यभागी चीर जाते.

प्रज्वलन जुळविताना सहा-सिलिंडरी एंजिनात दोन चुका वारंवार होतात. पहिला व सहावा दट्ट्या एकाच वेळी वर येतात. त्यांपैकी एक संपीडनाच्या अखेरीस आणि दुसरा निष्कास व प्रवेश यांच्या संधीवर असतो. हे न पाहता वितरक बसविल्यास तो १८०° ने उलटा बसतो आणि एंजिन सुरू न होता कार्ब्युरेटरमधून भडके मारते. दुसरी चूक कंपनशामकासंबंधी आहे. ज्या एंजिनांत शामकाचे बाहेरचे कडे रबराने जोडलेले असते, तेथे जुने रबर सुटून कडे सरकते व त्यावरील प्रज्वलनाची खूण खोटी ठरते. अशा वेळी गतीनुसार प्रज्वलन कितीही नीट लावले तरी एंजिन तापते किंवा ठोके देते. क्रायस्लरच्या या एंजिनात सहाव्या सिलिंडरावर शीर्षात एक लहान बूच असते. त्यातून तार सोडून दट्ट्याचे उच्चतम स्थान प्रत्यक्ष पाहता येते व खुणेची खातरजमा करता येते.

प्रथम प्रारंभ : एंजिन सुरू करण्यापूर्वी गुडद्या काढून ते आरंभकाने फिरवितात व तेलाचा दाब दिसू लागल्यावरच प्रज्वलन जोडतात. सुरू झाल्यावर ते दीर्घकाळ मंद गतीला ठेवू नये, कारण कॅमांवर व सिलिंडरांच्या भिंतींवर तेलाचा शिडकावा वेगावर अवलंबून असतो. मध्यम वेगावर पाणी गरम होईपर्यंत चालवून गळती, दाब व तापमान पाहतात. त्यानंतर रस्त्यावर मध्यम भार देणे व सोडणे असे आलटून पालटून केल्याने कड्या भिंतीवर बसतात. पहिले तेल ५०० ते ८०० किमी. नंतर बदलतात. निर्मात्याच्या सूचनेनुसार शीर्षाचे बोल्ट पुन्हा तपासून झडपांची मोकळीक नव्याने लावतात. शेवटी संपीडन चाचणी पुन्हा घेऊन सहा आकडे आधीच्या सहा आकड्यांशेजारी नोंदवून ठेवतात. पुढे दोष उद्‌भवल्यास तुलनेसाठी हीच नोंद उपयोगी पडते.

आधुनिक एंजिने : आखूड व्ही-आकाराच्या सहा-सिलिंडरी एंजिनांमुळे एका ओळीतील मांडणी काही काळ मागे पडली होती. मात्र मर्सिडीज-बेंझने २०१७ मध्ये तिचा पुन्हा स्वीकार केला व माझ्दानेही २०२२ मध्ये ती वापरात आणली. अशा एंजिनांच्या ॲल्युमिनियम ठोकळ्यांत सिलिंडरांच्या भिंतींवर पातळ कठीण लेप देण्याची पद्धत असून असे सिलिंडर जुन्या रीतीने कातता येत नाहीत. शीर्षाचे बोल्ट ताणमर्यादेपर्यंत आवळले जात असल्यास ते पुन्हा न वापरता नवेच घालावे लागतात. निदानाच्या कामी संगणक भुजादंडाच्या फेऱ्यातील सूक्ष्म मंदपणावरून कोणत्या सिलिंडरात ज्वलन चुकले, हे दाखवितो. पूर्वीच्या फिटराने गुडदीची तार काढून केलेली परीक्षाच येथे यंत्राकडून अखंडपणे घेतली जाते. तथापि संगणक दोष कोणत्या सिलिंडरात आहे एवढेच सांगतो. तो गुडदीचा, झडपेचा, गॅस्केटचा की पाण्याच्या मार्गाचा, हे ठरविण्यासाठी मापन व तुलना यांना आजही पर्याय नाही.